मांड्याचा तुकडा, चिमूटभर राई आणि कोशाची देठी: आमच्या खेळातल्या सामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी दुपारी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या माडीवर सात-आठ जण जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. मी त्यांची डीएम, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी आणि नियम सांभाळणारी. नवीन आलेला खेळाडू ड्रॅगनबद्दल फारसं विचारत नाही. त्याची नजर अडकते ती मंत्रापुढे बारीक अक्षरात लिहिलेल्या सामानावर. याला वटवाघळाची विष्ठा काहून लागते? अन् त्याला तीळच काहून? ही उत्तरं मी तोंडी इतक्यांदा दिली आहेत की एकदा बसून लिहून काढली. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

हा खेळ नेमका काय आहे?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. पट लागतोच असं नाही. प्रत्येक जण एक पात्र घेतो, मी समोर काय दिसतंय ते सांगते, तुम्ही काय करता ते सांगता आणि जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आम्ही मराठीत खेळतो. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे वापरतो, त्यामुळे खाली दिलेले आकडे त्या आवृत्तीतले समजा. तिचे मूलभूत नियम २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, तेव्हा सुरुवात करायला पैसे खर्च करावे लागत नाहीत.

मंत्राला सामान कशाला लागतं?

प्रत्येक मंत्रापुढे तो कसा करायचा ते लिहिलेलं असतं: तोंडाने उच्चार, हाताची मुद्रा आणि सामान. काही मंत्रांना तिन्ही लागतात, काहींना एकच पुरतं. सामान म्हणजे हातात धरायची खरीखुरी वस्तू. ते दर वेळी गोळा करत बसायला नको म्हणून २५ सोन्याच्या नाण्यांना एक पोतडी मिळते. ती कमरेला असली की किरकोळ सामान तुमच्याजवळ आहे असंच धरतात. ज्या सामानापुढे किंमत लिहिलेली असते ते मात्र पोतडीत आपोआप येत नाही, ते खरोखर मिळवावं लागतं. आणि वापरलेलं सामान संपतं का? तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच संपतं. नाहीतर तेच पीस जन्मभर चालतं.

पोतडीच घेतली तर मग यादी वाचायची कशाला?

कारण ती यादी गमतींनी भरलेली आहे आणि पोतडी घेतली की त्या गमती दिसेनाशा होतात. मला हा खेळ आवडायला लागला तो या यादीमुळे.

फायरबॉल घ्या, म्हणजे आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र. सामान: वटवाघळाच्या विष्ठेची आणि गंधकाची बारीक गोळी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला निव्वळ किळस आली होती. मग आमच्यातल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने सांगितलं की वटवाघळाच्या विष्ठेत नायट्रेट असतात आणि त्यातून सोरा काढता येतो. सोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. म्हणजे जादूगाराच्या मुठीत अर्धवट दारूगोळा आहे, उरलेली कसर मंत्र भरून काढतो.

लाइटनिंग बोल्ट, म्हणजे वीज सोडण्याचा मंत्र. त्याला केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबर, स्फटिक किंवा काचेची कांडी लागते. शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलले होते ना, तेच हे. अंबर म्हणजे झाडाच्या राळेचा लाखो वर्षांनी झालेला दगड. त्याला ग्रीक भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणत आणि इलेक्ट्रिसिटी हा शब्द तिथूनच आला. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की हा प्रयोग हमखास जमतो. एकदा माडीवर आम्ही खेळ थांबवून अर्धा तास कंगवेच घासत बसलो होतो.

मेसेज, म्हणजे दूरच्या सोबत्याच्या कानात कुजबुजण्याचा मंत्र. सामान तांब्याच्या तारेचा तुकडा. ही गंमत इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त खुलते, कारण आपल्याकडे धातूची ती तार आणि पोस्टमन आणायचा तीही तारच. २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. ‘तार आली’ म्हटल्यावर घरात कशी शांतता पसरायची हे आमच्या सगळ्यात लहान खेळाडूला समजावून सांगावं लागलं आणि त्या दिवसापासून तो हा मंत्र दबक्या आवाजात करतो.

भिंतीतून वाट काढणाऱ्या पासवॉलला चिमूटभर तीळ. ‘तिळा तिळा दार उघड’ आठवलं की पुढे काही सांगायला नको. समोरच्यांना गोंधळात टाकणाऱ्या कन्फ्यूजनला तीन कवचं, अक्रोडाची वगैरे. जत्रेत तीन वाट्या फिरवून गोटी कुठे आहे ते ओळखायला लावणारा माणूस पाहिला असेल तर तुमच्या लक्षात येईल. आणि गस्ट ऑफ विंड, म्हणजे जोराचा वारा सोडण्याचा मंत्र: सामान शेंगेतला एक दाणा. हा विनोद नागपुरात तरी कुणाला फोड करून सांगावा लागत नाही. सकाळी तर्री पोह्यावर चण्याचा रस्सा ओतून घेतलेला माणूस दुपारी टेबलावर असला की सगळे आधीच हसायला लागतात.

स्पायडर क्लाइंबसाठी, म्हणजे भिंतीवर चढण्याच्या मंत्रासाठी, कोळी खावा लागतो का? मी शाकाहारी आहे.

नाही. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत डांबराचा थेंब आणि जिवंत कोळी दोन्ही गिळावे लागत. आता ते नुसते जवळ असले की पुरे.

इंग्रजी म्हणींवरच्या गमती आपल्या टेबलावर कशा चालतात?

चालत नव्हत्या. या एका प्रश्नावर आमच्या टेबलाचा सगळ्यात जास्त वेळ गेला आहे.

दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या मंत्राला, डिटेक्ट थॉट्सला, तांब्याचं एक नाणं लागतं. इंग्रजीत गप्प बसलेल्या माणसाला ‘तुझ्या विचारांचा एक पेनी देतो’ म्हणायची पद्धत आहे, त्यावरची ही कोटी. मराठीत तसं कुणी म्हणत नाही, त्यामुळे आमच्याकडे ते नाणं मुकं झालं. टंग्ज या मंत्राने कुठलीही भाषा कळते आणि त्याला मातीचा छोटा झिगुरात लागतो, म्हणजे जुन्या मेसोपोटेमियातला पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा. बायबलमधली बाबेलच्या मनोऱ्याची गोष्ट माहीत असेल तर तो मनोरा बोलतो. आमच्यात ती दोघांनाच माहीत होती.

मग आम्ही ठरवलं की जी गंमत पोचत नाही तिच्या जागी आपली शोधायची. भाषांतर करायचं नाही. शोधायची.

डिटेक्ट थॉट्सला आता मांड्याचा तुकडा लागतो, कारण मनातले मांडे. आणि नागपुरात मांडा नुसता म्हणीत नाही. ओलसर कणीक दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायची आणि पालथ्या मडक्यावर टाकायची, हे ज्याने पाहिलंय त्याला मन वाचणं कसं दिसत असेल ते कळतं. पातळ, अर्धपारदर्शक, जरा घाई केली की फाटणारं. हे सुचलं ते माझ्या मावसबहिणीला. तिने ते म्हटलं आणि टेबलावर दोन क्षण कुणी बोललंच नाही.

एनलार्ज, म्हणजे मोठं करण्याचा मंत्र. मुळात चिमूटभर लोखंडाचा भुगा, आमच्याकडे राई. राईचा पर्वत.

टंग्जला दोन गावांची माती, आणि त्या गावांमध्ये किमान बारा कोसांचं अंतर हवं, कारण दर बारा कोसांवर भाषा बदलते. बारा कोस म्हणजे साधारण छत्तीस-अडतीस किलोमीटर. उमरेडची आणि आपली माती चालते, कामठीची नाही. मोजायचं कुठून यावर वाद झाला तेव्हा उत्तर अर्थातच झिरो माईल ठरलं, अंतरं जिथून मोजत ती नागपुरातली खूण. तो वालुकाश्माचा खांब आणि ते चार घोडे आमच्या काल्पनिक नकाशाच्याही मध्यभागी उभे आहेत.

हरवलेली वस्तू शोधण्याच्या मंत्रावरून, लोकेट ऑब्जेक्टवरून, दोन तट पडले. मुळात त्याला बेचक्याची काडी लागते. एकाचं म्हणणं पडलं की बदलायचं काही कारण नाही, आमच्या गावचा पाणाड्या अशीच काडी घेऊन विहिरीची जागा सांगायचा. दुसरा तट ‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ सोडायला तयार नव्हता. शेवटी दोन्ही ठेवलं. वस्तू आपल्याच माणसांमध्ये कुठेतरी असेल तर काखेत छोटा कळसा धरायचा, बाहेर गेली असेल तर काडी. चूक सामान घेतलं तर मंत्र फुकट. म्हणजे मंत्र करण्याआधीच खेळाडूंना विचार करावा लागतो की चोर आपल्यातला आहे का! मूळ नियमात नसलेला हा ताण आम्हाला दोन म्हणींनी दिला.

काउंटरस्पेल, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र अधेमधे मोडणं. याला खरं तर सामान लागत नाही, हाताची मुद्रा पुरते. तरी आमचे जादूगार हौसेने बिब्बा बाळगतात. समोरच्याने मंत्र सुरू केला की हे बिब्बा पुढे करतात आणि त्याच्या कामात बिब्बा पडतो.

सजेशनला हात लावावा लागला नाही. कुणालातरी गोड बोलून आपल्याला हवं ते करायला लावणारा हा मंत्र. त्याला सापाची जीभ आणि मधाच्या पोळ्याचा तुकडा किंवा गोड तेलाचा थेंब लागतो. मधाचं बोट लावणं आपल्याकडेही आहेच. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना मध पाहून एकच गोष्ट सुचली, याचं मला फार बरं वाटतं.

सगळंच जमलं असं नाही. अदृश्य गोष्टी दिसू लागण्याच्या मंत्राला काकण ठेवून पाहिलं, ‘हाताच्या काकणाला आरसा कशाला’ म्हणून. पण दर वेळी पाच मिनिटं फोड करावी लागायची. ज्या गमतीला समजावून सांगावं लागतं ती आम्ही काढून टाकतो.

हे असं बदलणं नियमात बसतं का?

बसतं, कारण यातल्या कुठल्याच सामानाला किंमत नाही आणि मंत्राचा परिणाम आम्ही बदलत नाही. दुसऱ्या टेबलावर खेळायला गेलात तर तिथल्या डीएमना आधी विचारा.

विदर्भातलं कोणतं साहित्य तुमच्या जगात सापडतं?

बरंच. पण माझी एक अट आहे. वस्तू हवी असेल तर ती कुठे होते, कोण गोळा करतं आणि कधी, हे तुमच्या पात्राला माहीत पाहिजे. ‘मी बाजारातून घेतो’ म्हटलं की मी विचारते, बाजारात कुणी आणलं?

कोसा, म्हणजे तसर रेशमाचा कोश, माझा सगळ्यात लाडका. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तसरच्या अळ्या वाढवतात. अळी आपल्याच रेशमाची देठी करून कोसा फांदीला टांगते. हातात घेतला तर वाळक्या फळासारखा टणक लागतो. मुळात पॉलिमॉर्फ, म्हणजे एका प्राण्याचा दुसरा प्राणी करण्याचा मंत्र, सुरवंटाच्या कोशावरच चालतो. त्यामुळे इथे आम्हाला काही बदलावं लागलं नाही, फक्त नेमका कोसा कुठला ते ठरवायचं होतं. अखंड कोशातून सलग धागा निघतो आणि पतंग भोक पाडून गेलेल्या कोशातून तसा निघत नाही, तो पिंजून कातावा लागतो. त्यावरून आमचा नियम: अखंड कोसा रूप बदलायला, फुटका कोसा मूळ रूपात परत आणायला. आमच्या एका सोबत्याचा बेडूक झाला होता. फुटका कोसा शोधत आम्ही अख्खा रविवार एका विणकर बाईच्या झोपडीत काढला. लढाई झालीच नाही आणि आजही सगळे त्या खेळाची आठवण काढतात.

लाख. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर इवले किडे ती तयार करतात. बांगड्यांना लागते, मोहोर उठवायला लागते. खेळात एक सॉव्हरिन ग्लू नावाचा डिंक आहे, तो एका मिनिटात घट्ट होतो आणि मग खास जादूशिवाय सुटत नाही. तो आमच्याकडे लाखेपासून होतो. लाखेची मोहोर लावलेलं पत्र दुसऱ्याने उघडलं तर मोहोर तुटताना ज्याने ती लावली त्याच्या बांगड्या किणकिणतात. हे पूर्णपणे आमचंच.

डिंकाची गोष्ट निराळी. अदृश्य होण्याच्या मंत्राला बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकात बुडवलेला पापणीचा केस लागतो, असं मूळ नियमच सांगतो. पापणीचा केस गळला की मुठीवर ठेवायचा, डोळे मिटून काहीतरी मागायचं आणि फुंकर मारायची, हे आपण सगळ्यांनी केलंय. म्हणून आमच्या टेबलावर केस आपला आपण उपटून चालत नाही. तो आपणहून गळलेला हवा. हिवाळ्यात लाडवांसाठी आणलेल्या डिंकातले दोन खडे आई माझ्यासाठी बाजूला ठेवते.

मँगनीज. नागपूर, भंडारा आणि पलीकडे बालाघाट या पट्ट्यात त्याच्या खाणी आहेत. मनसरकडून एका खेळाडूने खडा आणला होता. काळा, हात काळे करणारा आणि दिसतो त्यापेक्षा कितीतरी जड. काचेच्या रसात मँगनीज पुरेसं घातलं तर काच जांभळी होते, हे खरं रसायन आहे. त्यावर रचलेली आमची वस्तू म्हणजे जांभळं भिंग. त्यातून पाहिलं की खोटं बोलणाऱ्याची सावली जांभळी दिसते, माणूस नाही. सावलीच पडली नाही तर भिंगाचा काही उपयोग नाही, त्यामुळे आमचे सगळे धूर्त व्यापारी भर दुपारी डोक्यावर ऊन असतानाच सौदे करतात.

मोह. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. अस्वलालाही ती तितकीच आवडतात, आणि मोह वेचताना अस्वलाने हल्ला केल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. खेळात मोहाला चांगला भाव आहे. पण उजाडायच्या आत वेचायला गेलात तर मी फासा टाकते. पाच किंवा त्याच्या खाली आलं तर झाडाखाली तुमच्याआधी कुणीतरी आलेलं असतं.

गुडबेरीच्या जागी संत्र्याच्या फोडी का?

मूळ मंत्रात दहा जादूची फळं होतात, प्रत्येक फळाने जिवाचा एक गुण परत मिळतो आणि एका दिवसाची भूक भागते. सामान म्हणून बांडगुळाची डहाळी. बांडगूळ आपल्याकडे आंब्यावर भरपूर दिसतं, ते तसंच ठेवलं. दहा बोरं करता आली असती. पण एक संत्रं सोलून गोल बसलेल्या माणसांना फोड-फोड वाटायची, हे आमच्या शहराचं जेवणच आहे. शिवाय फोडी साधारण दहा-अकरा निघतात. अकरावी निघाली तर ती वाटणाऱ्याची.

वस्तू बनवायला किती दिवस लागतात?

निम्म्या किमतीचा कच्चा माल आणि दिवसाला पाच सोन्याच्या नाण्यांइतकं काम, हा नियम. जखम भरून आणणाऱ्या औषधाची किंमत ५० नाणी, म्हणून २५ नाण्यांचा माल आणि दहा दिवस. त्यासाठी जडीबुटीची हत्यारं वापरता आली पाहिजेत. दोघांनी मिळून केलं तर वेळ निम्मा. यावर आमची एकच भर: ऋतू. वैशाखात केलेलं काहीही लवकर वाळतं आणि आषाढात केलेल्याला बुरशी धरते. कधी करायला घेताय ते मला सांगा.

हिऱ्याऐवजी दुसरं काही चालेल का?

नाही, आणि हे विचारणारे तुम्ही पहिले नाही.

मेलेल्याला परत आणण्याच्या मंत्रांना हिरा लागतो आणि तो वापरल्यावर संपतो. रिव्हिव्हिफाय एका मिनिटाच्या आत करायचा, हिरा ३०० नाण्यांचा. रेझ डेड दहा दिवसांच्या आत, हिरा ५०० चा. आमच्या टोळीचा बुटका लोहार एका गुहेत मेला तेव्हा कुणाकडेच हिरा नव्हता. “अवो ताई, कोळसा पण कार्बनच आहे ना! उमरेडचा किती पोते पाहिजे?” असं एकाने अगदी कळवळून विचारलं. सगळे हसले, पण लोहाराच्या खेळाडूचे डोळे भरले होते.

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. हिरा म्हणजे कार्बनच, फक्त अणूंची रचना निराळी. कोळशात कार्बनसोबत बाकीही पुष्कळ असतं. मी कोळसा चालू दिला नाही. जे गमवायला काही लागत नाही त्याने मेलेला माणूस परत आला तर मरणालाच अर्थ उरत नाही. पण मी म्हटलं की डोंगरापलीकडे एक म्हातारा भट्टीवाला आहे, त्याच्याजवळ हिरा आहे आणि त्याला भट्टीवर माणसं हवी आहेत. त्यांनी नऊ दिवस कोळसा फोडला. दहाव्या दिवशी लोहार उठून बसला.

ट्रिंकेट म्हणजे काय? त्याचा उपयोग काय?

खेळ सुरू करताना प्रत्येक पात्राला एक अजब वस्तू मिळते. मूळ पुस्तकात शंभर वस्तूंचा तक्ता आहे, शंभराचा फासा टाकायचा. त्यात गॉब्लिनचा वाळवलेला हात आहे, चांदण्यात मंद चमकणारा स्फटिक आहे, अनोळखी देशाचं सोन्याचं नाणं आहे, तुम्हाला न येणाऱ्या भाषेतली रोजनिशी आहे. लढाईत त्यांचा शून्य उपयोग. मला खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट विचाराल तर मी हीच सांगेन, कारण तिथून पात्राला भूतकाळ मिळतो.

लहानपणी बाबा मला अजब बंगल्यात न्यायचे. पाटीवर मध्यवर्ती संग्रहालय लिहिलेलं असलं तरी १८६३ साली सुरू झालेल्या त्या वास्तूला नागपुरात सगळे अजब बंगलाच म्हणतात. पेंढा भरलेल्या प्राण्यांपासून मूर्ती, हत्यारं, नाण्यांपर्यंत कशानंतर काय येईल याचा नेम नसायचा. ट्रिंकेटचा तक्ता वाचताना मला तोच वास येतो. म्हणून आमचा तक्ता आम्ही स्वतः लिहिला आहे. त्यातल्या काही वस्तू:

एका पायाचा लाकडी नंदी, जो कुठेही ठेवला तरी सकाळी पूर्वेकडे तोंड करून असतो. फुटाळा तलावाच्या पाण्याने भरलेली बाटली, जिच्यात संध्याकाळी दिवे दिसतात. दोन्हीकडे छापच असलेलं नाणं. कुणाच्या तरी सरोत्याचं, म्हणजे अडकित्त्याचं, एकच पातं. पिवळी चिंधी, जी अंगावर घेतली की खोकला थांबतो आणि जिच्यातून रात्री कुणीतरी खोकतं.

शेवटची मारबतीवरून सुचली. १८८० च्या दशकापासून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे भले मोठे पुतळे, यांची मिरवणूक इतवारी-महालच्या गल्ल्यांतून निघते, रोगराई घेऊन जा गे मारबत म्हणत लोक सोबत चालतात. आजी म्हणायची, आपलं दुखणं जी घेऊन जाते तिला हात जोडावेत. ही चिंधी ज्याला मिळाली त्या खेळाडूने ती अजून टाकलेली नाही.

लाकडी नंदी जिवंत होतो असं ऐकलं. खरं का?

तो एका पायाचा नाही, दुसरा. मूळ खेळात फिगरीन नावाच्या छोट्या मूर्ती असतात. चांदीचा डोमकावळा, संगमरवरी हत्ती, हस्तिदंती बोकड. परवलीचा शब्द बोलून जमिनीवर टाकली की खरा प्राणी उभा राहतो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, त्यामुळे आमच्या यादीत नंदी येणं ठरलेलंच होतं. तो उठतो, पण आधी त्याच्या पुढ्यात काहीतरी ठेवावं लागतं, आणि सजवलेला नसेल तर जागचा हलत नाही. लढाईच्या ऐन मध्यात शिंगांना रंगीत कागद लावत बसलेला योद्धा मी पाहिला आहे.

सगळ्यात विचित्र जादूची वस्तू कोणती?

अल्केमी जग. एक सुरई, तिच्यातून दिवसाला एकच द्रव ठरावीक प्रमाणात निघतो. गोडं पाणी ८ गॅलन, मध १ गॅलन, आम्ल ८ औंस, आणि मेयोनीज २ गॅलन. हो, मेयोनीज, खुद्द नियमपुस्तकातच आहे. आमच्या लोकांनी त्यात चण्याचा रस्सा वाढवून मागितला आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

इममूव्हेबल रॉडही सुरेख आहे: बटण दाबलं की हवेत जिथल्या तिथे थांबणारा दांडा, ८००० पौंड वजन पेलतो.

बॅग ऑफ होल्डिंगमध्ये दुसरी बॅग ऑफ होल्डिंग ठेवली तर?

ही बाहेरून लहान आणि आतून मोठी असलेली जादूची पिशवी. एकीत दुसरी ठेवली की दोन्ही नष्ट होतात, एक भगदाड पडतं आणि जवळचे सगळे भलत्याच जगात ओढले जातात. एका पिशवीत ५०० पौंड मावतात, तेवढं पुरवा.

खरं सामान टेबलावर आणू का?

तीळ, राई, लाख, डिंक, ज्येष्ठमध जरूर आणा, इतवारीच्या किराणा ओळीत सगळं मिळतं. ज्येष्ठमध हेस्ट या वेगाच्या मंत्राला लागतं आणि चघळायलाही छान असतं.

बिब्बा आणू नका. त्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात. आमच्यातल्या एकाने हौसेने फोडून पाहिला, त्याचा हात पंधरा दिवस सुजलेला होता. तेव्हापासून टेबलावर लाकडाचा, काळा रंगवलेला बिब्बा असतो. वटवाघळाच्या विष्ठेजवळही जाऊ नका, तिच्यात वाढणारी बुरशी श्वासातून गेली तर फुप्फुसाला आजार होतो.

आणि घुबडाचं पीस. आयडेंटिफाय मंत्राला १०० नाण्यांचा मोती आणि घुबडाचं पीस लागतं, म्हणून काही जण ‘ओळखीच्याकडून मिळतं’ म्हणतात. कृपया नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण आहे, त्यांचे अवयव विकणं-घेणं गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास करणीच्या नादाने आपल्या देशात घुबडं मारली जातात हे तुम्हाला माहीतच असेल. आमच्या खेळातली जादू तरी त्या पक्ष्याच्या जिवावर उठू नये. आम्ही कोंबडीच्या पिसावर ठिपके रंगवतो. लहान मुलं आली की ते काम त्यांचं.

फासे नाहीत माझ्याकडे.

माझ्याकडे चार संच आहेत.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

पेन्सिल, पाण्याची बाटली आणि घरातली एक निरुपयोगी वस्तू, जिची गोष्ट तुम्हाला सांगता येईल. ती आम्ही तक्त्यात लिहितो. वर सरोत्याचं एक पातं सांगितलं ना, ते असंच आलं. आणणाऱ्या मुलीच्या पणजीचा तो सरोता. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा सुपारीच्या डब्यासह तोही वाटला गेला, एक पातं इकडे आणि एक तिकडे. खेळात ते पातं एका चोराकडे आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या गावच्या बाजारात त्याला तशाच घडणीचं दुसरं पातं दिसलं. विकणारी बाई किंमत सांगत नाही, तुझ्याजवळचं आधी दाखव म्हणते. तिथे आम्ही थांबलो आहोत. येत्या रविवारी तीन वाजता पुढचं.